पियानोचा नवस

पियानोच्या पहिल्या धड्याला मी स्टुलावर मांडी घालून बसले. मिरजेला वडिलांच्या भजनी मंडळात मी आठव्या वर्षापासून पेटी वाजवत होते आणि वाजवायला बसायचं म्हणजे मांडी घालायची, एवढंच मला ठाऊक होतं. स्टूल अरुंद, म्हणून एकच पाय वर घेतला होता, दुसरा खाली लोंबत होता. शिकवणाऱ्या बाईंनी आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मग त्या वाकल्या, माझा घोटा धरला आणि पाय उचलून जमिनीवर ठेवला. आईच्या वयाच्या बाईने माझ्या पायाला हात लावला याचा मला असा धक्का बसला, की मी ताडकन उठून त्यांना वाकून नमस्कार केला. त्या दोन पावलं मागे सरकल्या. त्यांनाही धक्काच बसला असावा.

हे रियाधमधलं, इराकने कुवेत गिळलं त्या सालचं. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. नवरा एका बँकेत कॉम्प्युटर विभागात होता. मी बी.एस्सी. झालेली, सत्तावीस वर्षांची, आणि सकाळी साडेसातला तो गेला की दुपारी चारपर्यंत भिंतींकडे बघत बसणारी. एकटीने बाहेर पडायची सोय नाही, गाडी चालवायची नाही, नोकरी नाही. पेटी मिरजेलाच राहिली होती. विमानतळावर वाद्य अडवतील असं कोणीतरी घाबरवलं होतं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक लेबनानी दातांचे डॉक्टर आणि त्यांची बहीण राहायची. ही बहीण म्हणजे बाई. ऑगस्टमध्ये समोरचं एक परदेशी कुटुंब चार दिवसांत चंबूगबाळं आवरून पळालं आणि जाताना आपला पियानो यांच्या दिवाणखान्यात ढकलून गेलं. एकदा मी जिन्यावरून जाताना दार उघडं होतं, पियानो दिसला आणि मी तशीच आत शिरले. असलं आगाऊपण मी त्याआधी कधी केलं नव्हतं. बाई बैरूतला पियानो शिकवायच्या हे कळल्यावर तर मी त्यांच्या मागेच लागले. वाद्यं तिथे उघडपणे चालायची नाहीत, म्हणून पडदे ओढून, खिडक्या लावून, हळू आवाजात शिकवायचं कबूल झालं. शनिवार आणि सोमवार. त्या मोडकं इंग्रजी बोलायच्या, मी शाळेतलं इंग्रजी बोलायचे, आणि दोघींचं अडलं की हात होतेच.

मला वाटत होतं, आपल्याला येतंच आहे, फक्त सुरांच्या जागा बघून घ्यायच्या. पहिल्याच धड्याला माझा हा फुगा फुटला. मी उजव्या हाताने एक भजन वाजवायला घेतलं आणि बाई हसायला लागल्या. त्या माझ्या डाव्या हाताकडे बोट दाखवत होत्या. मी खाली पाहिलं तर माझा डावा हात हवेत, पियानोच्या कडेला, मागेपुढे मागेपुढे हलत होता. भाता मारत होता. पियानोला भाता नसतो हे मला ठाऊक होतं, पण माझ्या हाताला कोणी सांगितलं नव्हतं. मी तो मांडीखाली दाबून ठेवला. उजवा हात सुरू झाला की मांडीखालून डावा धडपडायचा. इतकी वर्षं हाच हात आपण वाजवण्यात धरत होतो आणि त्याला एकही सूर येत नाही, हे कळल्यावर मला रडू यायचं बाकी राहिलं.

दुसरा धक्का सुरांचा. पेटीवर बोट ठेवलं की हवा आहे तोवर सूर राहतो. पियानोवर सूर वाजला की त्याच क्षणी विरायला लागतो, मग तुम्ही पट्टी कितीही दाबून धरा. मी जीव खाऊन दाबायचे. बाई माझं मनगट उचलून सोडायच्या आणि सांगायच्या, दाबायचं नाही, पडू द्यायचं. बोटांनी ढकलायचं नाही, सगळ्या हाताचं वजन बोटाच्या टोकावर उतरू द्यायचं आणि लगेच सैल व्हायचं. स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं. पाय जमिनीवर. खांदे खाली. कोपर पट्ट्यांच्या उंचीला. मनगट ना बुडलेलं, ना वर काढलेलं. आणि पंजा असा, की आत काहीतरी गोल धरलंय. त्या संत्रं म्हणाल्या. संत्रं धरून माझी बोटं ताठच राहायची. एक दिवस घरी बेसनाचे लाडू वळताना मी हाताकडे पाहिलं आणि दचकले. हाच तो पंजा. तशीच तुपकट हातांनी खाली गेले आणि त्यांना दाखवला. त्यांनी हात बघितला, लाडूही खाल्ला.

शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. त्या स्वतः कधी वाजवून दाखवायच्या नाहीत. माझा हात उघडा करून टेबलावर ठेवायच्या आणि माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत आपल्या बोटांनी वाजवायच्या. कुठलं बोट किती जड पडतं, कुठे उचललं जातं, अंगठा खालून कसा सरकतो, सगळं मला कातडीवर कळायचं. आवाज नाहीच. मला वाटायचं, बैरूतची शिकवायची पद्धतच अशी असेल. शिवाय त्यांच्या नवऱ्याचा सारखा दाखला असायचा. माझा नवरा म्हणतो, खांदे वर गेले की संगीत गळ्यात अडकतं. माझा नवरा म्हणतो, चौथं बोट आळशी नसतं, भित्रं असतं. हा नवरा बैरूतला मागे राहिला असणार असं मी धरून चालले होते. कितीतरी जणांचे नवरे कुठे कुठे होते.

अडचण आली ती बांगड्यांची. माझ्या हातात पाटल्या आणि मध्ये हिरव्या काचेच्या बांगड्या. त्या पट्ट्यांवर आपटायच्या, मनगट जड व्हायचं. बाईंनी काढायला सांगितलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढच्या खेपेला मी बांगड्या कोपरापर्यंत वर सारून त्यावर रबरबँड चढवून गेले. बाईंनी बाही वर करून तो प्रकार पाहिला, माझी निळी पडलेली बोटं पाहिली आणि त्या खरोखरच रागावल्या. तेव्हा मी त्यांना समजावलं, की लग्न झालेल्या बाईचे हात आमच्यात ओकेबोके ठेवत नाहीत. आमच्याकडे कासार बांगड्या भरायला यायचा, तेव्हासुद्धा नवी हातात गेल्याशिवाय शेवटची जुनी कोणी उतरवू द्यायची नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हात मोकळा नसेल तर शिकवता येणार नाही.

शेवटी मी काढल्या. साबण लावून एकेक उतरवली आणि त्यांच्या टेबलावर बशीत ठेवली. माझी मनगटं मला कोणा दुसरीचीच वाटली. पण त्या दिवशी पहिल्यांदा हात पडला आणि सूर असा आला, की मी मागे वळून कोणी दुसरं वाजवतंय का ते पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला बांगड्यांची आठवणही राहिली नाही. मी तशीच जिना चढले आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या समोर आले.

या वहिनी म्हणजे नवऱ्याच्या बँकेतल्याच एका साहेबांच्या पत्नी, पुण्याच्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. परदेशात मला आजारपणात पेज करून घालणारी हीच बाई, त्यामुळे त्यांना बोलायचा हक्क होता. त्यांची नजर थेट माझ्या मनगटावर गेली. मी काहीबाही सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "दिवस कसे आहेत बघ. निदान आत्ता तरी असलं काही करू नकोस." मला त्यांचा राग आला. विज्ञान शिकलेल्या मुलीला काय सांगताय, असं मनात म्हणाले. तरी परत खाली जाऊन बांगड्या भरून आले.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. संक्रांतीचे तिळगूळ डब्यात होते तोवर सायरन वाजला. खिडक्यांना चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारल्या, विषारी वायूच्या भीतीने एका खोलीला प्लॅस्टिक लावून ती बंद केली, बँकेने मुखवटे वाटले. पहिल्या रात्री तो मुखवटा चढवून नवऱ्याकडे पाहिलं आणि माझी बोबडी वळली, मला तो ओळखूच येईना. बरीच कुटुंबं मुंबईला निघून गेली. मी जात नाही म्हटलं. नवऱ्याला वाटलं, त्याच्यासाठी. अर्धं खरं होतं. अर्धं मी पियानोसाठी राहिले होते, आणि हे मी त्याला सांगितलं नाही.

फेब्रुवारीत बँकेने त्याला खोबरच्या शाखेत पाठवलं, महिनाभरासाठी. तिथली माणसं पळाली होती आणि कॉम्प्युटर कोणीतरी सांभाळायला हवे होते. खोबर म्हणजे समुद्राकडचा भाग, सैन्याच्या छावण्यांना लागून. रोज संध्याकाळी सातला वहिनींकडे त्याचा फोन यायचा. तेवढ्यावर दिवस ढकलायचा.

फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी फोन आला नाही. लाइन लागत नसेल म्हणून मी साडेसातला खाली धड्याला गेले. बांगड्या बशीत ठेवल्या. दोन्ही हात एकत्र वाजवायचा तो माझा पहिलाच आठवडा होता. डावा हात आता भाता विसरला होता, स्वतःचं काही बोलू लागला होता. तासभराने बाईंचे भाऊ आतल्या खोलीतून रेडिओ हातात घेऊनच बाहेर आले. खोबरच्या बाजूला क्षेपणास्त्र पडलं होतं. इमारत कोसळली होती, माणसं मेली होती, कोण आणि किती ते कळत नव्हतं.

आणि माझे हात थांबले नाहीत. हे मला लिहायला जड जातं. बातमी कानात गेली, कळली, आणि तरी माझ्या दोन्ही हातांनी ती ओळ शेवटपर्यंत वाजवली, कारण ती पहिल्यांदाच न चुकता येत होती. चार-पाच सेकंद असतील. त्या चार-पाच सेकंदांत मला नवऱ्यापेक्षा ती ओळ पुरी व्हावी असं वाटत होतं. मग मी थांबले आणि समोर माझी उघडी मनगटं दिसली. वहिनींचं बोलणं, कासार, मिरज, सगळं एकदम अंगावर आलं. विज्ञान कुठल्या कुठे गेलं. मी त्याच स्टुलावर डोळे मिटले आणि मनातल्या मनात नवस बोलले. तो सुखरूप येऊ दे, मी पुन्हा पियानोला हात लावणार नाही.

बांगड्या भरताना दोन फुटल्या, म्हणजे आमच्या भाषेत वाढल्या, कारण बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं. माझ्या तळहाताचं रक्त बाईंनी पुसलं. रात्रभर मी वहिनींकडे फोनशी बसून होते. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, उलट माझे पाय चेपत बसल्या, आणि तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. तो ठीक होता. रात्रभर बँकेच्या तळघरात होता आणि सगळ्या लाइनी बंद पडल्या होत्या. 

शनिवारी मी धड्याला गेले नाही. सोमवारीही नाही. तोवर युद्ध संपल्याची बातमी आली, इमारतीत लोकांनी पेढे वाटले, आणि मी खाली जायला नको म्हणून केराचा डबासुद्धा वहिनींबरोबर पाठवायला लागले. दुसऱ्या आठवड्यात बाईच वर आल्या. त्या इतक्या महिन्यांत एकदाही आमच्या घरी आल्या नव्हत्या. मी चहा ठेवला आणि खोटं सांगायचं ठरवलं होतं तरी खरं सांगितलं. नवस हा शब्द त्यांना कसा सांगावा कळेना. मी म्हटलं, देवाशी बोलणं झालंय, त्याने त्याची बाजू पाळली, आता मला माझी पाळायला हवी.

बाईंनी कप बाजूला सारला. मग त्यांनी विचारलं, तू मला कधी वाजवताना पाहिलंस का. मी म्हटलं नाही, तुमची पद्धतच तशी आहे ना. त्यांनी मान हलवली. त्यांचा नवरा बैरूतच्या एका नाक्यावरून नाहीसा झाला होता. अकरा वर्षांपूर्वी. पाव आणायला गेला आणि आलाच नाही, ना माणूस, ना निरोप. तो आल्याशिवाय मी वाजवणार नाही असं त्या दिवशी बाई बोलून गेल्या होत्या.

 माझा नवरा म्हणतो, माझा नवरा म्हणतो, हे मी सहा महिने ऐकत होते. एकदाही म्हणायचा असं त्यांच्या तोंडून आलं नव्हतं.

"देवाला ते कळलंही नसेल," बाई म्हणाल्या. "माझ्या बोटांना मात्र कळलं." आणि त्यांनी उजवा हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि चौथं बोट उचलायचा प्रयत्न केला. ते जेमतेम हललं. माझ्या हातावर अलगद उतरणाऱ्या त्या बोटांत खऱ्या पट्ट्या दाबायची ताकद उरली नव्हती. मला ते इतके दिवस कळू नये याची मला लाज वाटली.

त्या गेल्यावर मी खूप रडले, पण मन बदललं नाही. त्यांचा नवरा आला नव्हता, माझा येणार होता. ज्याचं मागणं पुरं झालंय त्याने नवस मोडायचा म्हणजे काय, या विचाराने मला घाम फुटायचा.

मार्चच्या मध्याला नवरा परत आला. चार किलोने उतरला होता. दोन-तीन दिवस मी त्याला नजरेआड होऊ दिलं नाही. मग शनिवार आला आणि त्याने सहज विचारलं, आज क्लास नाही का. मी टाळलं. त्याने पुन्हा विचारलं. मग मी सांगून टाकलं, बांगड्यांपासून सगळं. त्या चार-पाच सेकंदांचंही सांगितलं, कारण ते पोटात ठेवून मला त्याच्या ताटात वाढवेना.

मला वाटलं, हसेल. नाहीतर भरून येईल त्याला. तो दोन्हीतलं काही करेना. पांढराफटक पडून बसून राहिला. तो माझ्यावर कधी चिडलेला मी पाहिला नव्हता, त्यामुळे हा राग आहे हे मला उशिरा कळलं.

"म्हणजे आता मी जन्मभर घरात दिसलो की तुला पियानो आठवणार," तो म्हणाला. "मला न विचारता माझ्या जिवाला तू हे काय बांधून ठेवलंस?"

मी म्हटलं, "अहो, तुम्ही परत आलात."

"मी तळघरात होतो म्हणून आलो."

त्याचं म्हणणं मला पटलं. पण भीती काही गेली नाही, आणि तेही मी त्याला सांगितलं. मी म्हटलं, मला पटतंय, पण माझे हात जाणार नाहीत. तिथे बसले की तुम्हाला काहीतरी होतंय असंच मला वाटत राहणार. त्यावर तो उठला, चपला घातल्या आणि वर्तमानपत्र काखेत मारून दारात उभा राहिला. कुठे निघालात विचारलं तर म्हणाला, खाली.

बाई एकट्या होत्या, त्यामुळे तो आत येऊ शकत नव्हता. परक्या बाईच्या दिवाणखान्यात पुरुषाने बसायचं नाही. तो दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसला. मी आत गेले. बाईंनी बशी पुढे केली. मी बांगड्या काढल्या, बशीत ठेवल्या, स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसले.  डावा हात पट्ट्यांवर ठेवला तो ओल्या फडक्यासारखा पडून राहिला. कसाबसा पहिला सूर वाजवला आणि थांबले.

बाहेर जिन्यावर नवरा खोकला.

मी आणखी दोन सूर वाजवले, पुन्हा थांबले. तो पुन्हा खोकला. त्याला खोकला नव्हता. मग मी दोन्ही हातांनी ओळ सुरू केली, अडखळले, थांबले, आणि बाहेरून खोकणं आलं. तासभर हे असंच चाललं. त्यानंतर आम्ही रियाधमध्ये होतो तोवर, दर शनिवारी आणि सोमवारी, तो त्या पायरीवर बसून राहिला, आणि मी थांबले की खोकत राहिला.